हेमाताईंचं मत

चिपरे सरांनी टेबलाच्या तिसऱ्या बाजूला आईचा फोटो उभा करून ठेवला होता. फ्रेमला शेवंतीचा हार होता आणि पुढ्यात चार कादंबऱ्यांचा गठ्ठा. मी दारातच थांबले. गेले काही दिवस घरी आणि नातेवाइकांकडे मी तो फोटो पाहतच होते, पण वाचनालयाच्या बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या मागे तो असा अनपेक्षित समोर आला तेव्हा पाय पुढे पडेना.

माझ्या मागून खराडेसाहेब जिना चढून आले. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, पण खोलीत शिरताना आधी कोपरे बघायची पोलिसातली सवय गेली नव्हती.

"हे काय?" ते म्हणाले.

"हेमाताईंची जागा आहे, साहेब," चिपरे सर दबक्या आवाजात म्हणाले. ते वाचनालयाचे कार्यवाह. त्या दिवशी त्यांनी पांढरा सदरा घातला होता.

"ते दिसतंय. पण फोटोशी भांडायचं कसं?"

त्यांनी फ्रेम दोन्ही हातांनी अलगद उचलली, मासिकांच्या कपाटावर नेऊन ठेवली, हार सरळ केला. मग आईची खुर्ची मागे ओढली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बसा."

खरं तर मी बसायला आले नव्हते. चिपरे सरांचा फोन आला होता की आईंनी पुस्तकं वाचली असतील तर त्यांचं मत तेवढं सांगून जा. वाचनालयाचा तो पुरस्कार तसा लहानच, पण मिरजेत त्याची चर्चा व्हायची. रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा, म्हणजे ज्या कादंबऱ्यांसाठी लोक नंबर लावतात आणि ज्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही, त्यांतल्या एकीला तो दरवर्षी मिळायचा. परीक्षक तीन, आई त्यांतली एक. तिघंही निव्वळ वाचक, लेखक आणि प्राध्यापक चालत नसत. मी पुण्यात कॉलेजला मराठी शिकवते, तेव्हा नियमाने मला त्या खुर्चीत बसताच येत नव्हतं. मी तसं म्हणालेही. खराडेसाहेब म्हणाले की प्राध्यापकांना कोणी बोलावलेलं नाही, हेमाताईंचा निरोप्या म्हणून बसा.

म्हणून मी बसले.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. ट्रंक कॉल जोडण्यात तिचा जन्म गेला आणि उरलेला वेळ रहस्यकथांत. शेवटच्या आजारात तिला पुस्तक धरवेना, तेव्हा मी दवाखान्यात पलंगाशेजारी बसून या चारही कादंबऱ्या तिला वाचून दाखवल्या. ती डोळे मिटून ऐकायची. झोप लागली असं समजून मी थांबले की म्हणायची, "हं, पुढे. तो खोटं बोलतोय." कोण कशावरून खोटं बोलतोय ते मला पुढच्या प्रकरणात कळायचं.

चारांतली एक तिने निवडली होती. 'मीटरगेज'. "ही सोडू नकोस," ती म्हणाली होती. आजारपणात तिने माझ्याकडे मागितलेली तेवढी एकच गोष्ट. पाणीसुद्धा ती नर्सकडे मागायची, मला उठायला लागू नये म्हणून. त्यामुळे त्या दुपारी मी वाचनालयाचा जिना चढले ती मनाशी एकच धरून. 'मीटरगेज'ला पुरस्कार मिळवून द्यायचा. आईसाठी करण्यासारखं एवढंच उरलं होतं.

तिसऱ्या परीक्षक रझियाताई मुजावर थोड्या उशिराने आल्या. त्यांचं औषधांचं दुकान आहे, दुपारी बंद करून आल्या होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला, घट्ट दाबला आणि खुर्चीत बसल्या. समोरच्या गल्लीत कोणी तरी सतारीला नव्या तारा चढवत होतं. तोच तो सूर पुन्हा पुन्हा वर चढत होता.

पहिली कादंबरी 'मंगळावरचा तलाठी'. मंगळावर वस्ती होते, जमिनीची मोजणी करायला पृथ्वीवरून एक तलाठी पाठवतात आणि तो तिथेही बांध कोरल्याच्या तक्रारी सोडवत बसतो. रझियाताई म्हणाल्या की पहिली शंभर पानं त्या दुकानात एकट्याच हसत होत्या, गिऱ्हाईक घाबरलं. पण पुढे लेखकाला विज्ञान आठवलं आणि सगळं बिघडलं. मी आईचं मत सांगितलं. तलाठी मंगळावर पोचेपर्यंत ती इतकी हसली की सलाईनची सुई निघून आली. तिथे पोचल्यावर मात्र तो माणूस बदलला. तिचं म्हणणं, तलाठी कुठेही नेला तरी तलाठीच राहायला हवा. यावर तिघांचं एकमत झालं आणि पुस्तक बाजूला गेलं.

दुसरी 'नऊ नंबरचं दार'. धरणाच्या भिंतीत इंजिनिअरचं प्रेत सापडतं आणि एक तडफदार फौजदार तपास करतो. मला वाटलं होतं, खराडेसाहेब हिच्यावर भाळले असतील. त्यांनी ती बोटाच्या टोकाने लांब सरकवली.

"नोकरीत हेच केलं, आता निवृत्त होऊन घरी हेच वाचू?" ते म्हणाले. "शिवाय हा फौजदार जेवतच नाही. तीनशे पानं नुसता पळतोय. असल्या माणसाला तिसऱ्या दिवशी चक्कर येते."

आईचं मत एवढंच होतं की वेग आहे, पण पुस्तकातल्या बायका फक्त चहाचा ट्रे घेऊन येतात आणि ट्रे घेऊन जातात. तीही बाजूला गेली.

उरल्या दोन. 'न बोलावलेली' ही भयकथा. एका मोठ्या घरात लग्नाच्या गर्दीत एक बाई पाहुणी म्हणून येते. मुलीकडच्यांना वाटतं ती मुलाकडची, मुलाकडच्यांना वाटतं ती मुलीकडची. लग्न होतं, मांडव उतरतो, पाहुणे जातात, ती राहते. आणि दुसरी आईची 'मीटरगेज'.

खराडेसाहेब 'न बोलावलेली'बद्दल इतके मन लावून बोलले की मी बघतच राहिले. आयुष्यभर गुन्हेगारांमागे फिरलेला माणूस भुतावर खूश होता. त्यांचं म्हणणं असं की या कादंबरीत कोणी किंचाळत नाही, दारं आपटत नाहीत, नुसतं रोज सकाळी चहाचा एक कप जास्त टाकला जातो, आणि तो कोण टाकतं ते कोणाला आठवत नाही. ते वाचल्यापासून आपण घरी स्वयंपाकघरात जाऊन कप मोजतो, असं त्यांनी कबूल केलं.

मी आईचं मत सांगितलं, भूत उत्तम आहे, पण घरातली माणसं भुतापेक्षा कमी जिवंत आहेत.

 रझियाताईंनी गठ्ठ्यातलं 'मीटरगेज' आपल्याकडे ओढलं.

तेवढ्यात चिपरे सर उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला आणि जे बोलले ते घरून ठरवून आणलेलं असावं. या वर्षी आपण मतं मोजू नयेत, असं त्यांनी सुचवलं. हेमाताई इतकी वर्षं या समितीत होत्या. त्यांनी दवाखान्यातून, त्या अवस्थेत, एक पुस्तक निवडलं. तेच एकमताने जाहीर करावं. हीच त्यांना श्रद्धांजली.

रझियाताईंनी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं आणि मान हलवली. काकूंच्या शब्दाबाहेर आपण नाही, असं काही तरी त्या पुटपुटल्या.

माझ्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. झालं. ज्यासाठी आले होते ते न मागता मिळालं होतं. आभार मानायचे म्हणून मी तोंड उघडलं.

"माझं नाही," खराडेसाहेब म्हणाले.

चिपरे सर उभेच राहिले.

"माझं एकमत नाही. हेमाताई चुकताहेत."

 चिपरे सरांनी माझ्याकडे बघून ओशाळं हसण्याचा प्रयत्न केला. माझे कान तापले. आई गेल्यापासून जो येईल तो तिच्याबद्दल चांगलंच बोलत होता. ज्या जावेशी तिचं कधी पटलं नाही तीसुद्धा म्हणाली होती की देवमाणूस हो. आणि हा माणूस, तिच्या फोटोसमोर, तिची शेवटची इच्छा कळल्यावर, चष्मा पुसत म्हणत होता की ती चुकते.

"कुठे चुकते?" मी विचारलं. माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा वर गेला.

त्यांनी 'मीटरगेज' रझियाताईंच्या हातातून मागून घेतलं आणि सांगायला लागले. एका लहान स्टेशनवर मीटरगेजचा शेवटचा दिवस. उद्यापासून रूळ उखडणार. दुपारी स्टेशनमास्तर पार्सलच्या खोलीत मरून पडलेला सापडतो. पार्सल कारकून नामजोशी आपल्या परीने शोध घेतो. शेवटी मास्तरची बायको द्वारका त्याला सांगते की मीच मारलं, आणि का मारलं तेही सांगते. नामजोशी कोणाला काही सांगत नाही. तिने बांधून दिलेला डबा घेऊन शेवटच्या गाडीत बसतो. पुस्तक संपतं.

"खुनी सापडला आणि सोडून दिला. का, तर तिच्या हातचा डबा मिळाला," खराडेसाहेब म्हणाले. "याला रहस्यकथा म्हणत नाहीत. याला ओळख निघाली म्हणतात."

"आईच्या मते द्वारकाने खून केलेलाच नाही."

त्यांची मान वर झाली. रझियाताईंनी ओढणी खाली घेतली.

हे आईने मला एका दुपारी सांगितलं होतं. एक्स्चेंजमध्ये तिच्या कानावर गावाचं बोलणं पडायचं. ऐकायचं नसलं तरी जोडणी झाली की नाही हे बघताना दोन वाक्यं ऐकू यायचीच. त्यातून तिचा एक ठोकताळा झाला होता. खरं बोलणारा माणूस कारण सांगत बसत नाही. 'उद्या येत नाही' एवढंच म्हणतो. न विचारता जो कारण देतो त्याच्याकडे काही तरी झाकायचं असतं. द्वारका पुस्तकभर कोणालाच कशाचं कारण देत नाही. फक्त खुनाची कबुली देताना एकदम पानभर कारणं देते. म्हणून ती कबुली खोटी. ती दुसऱ्या कोणाला तरी वाचवते आहे, आणि नामजोशीला ते कळलंय. म्हणून तो गप्प बसतो, डब्यासाठी नाही.

मी हे सगळं एका दमात सांगितलं.  मग अंगठ्याला थुंकी लावून खराडेसाहेबांनी पानं उलटायला सुरुवात केली. बराच वेळ उलटत राहिले. चिपरे सर हळूच खाली बसले.

"हे घ्या," खराडेसाहेब म्हणाले. "खुनाच्या दिवशी सकाळी. भाजीवाली मागच्या दाराशी येते. द्वारका म्हणते, वांगी नकोत, कालच घेतलीत. भाजीवालीने कारण विचारलं होतं का? नव्हतं. दिलं की नाही तिने? दिलं. आता वांग्यांत काय झाकायचं असतं, सांगा मला. हेमाताईंचा ठोकताळा इथे पडला."

ते खुर्चीत मागे टेकले. जिंकलेला माणूस टेकतो तसे. आणि मला अचानक, तशा वेळी, त्यांचा प्रचंड राग आला आणि त्या रागात मला खूप बरं वाटलं. मी पुस्तक त्यांच्या हातून घेतलं. ते पान मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं होतं, त्याच्या आधीची पानंही. मला ती ओळींनिशी आठवत होती.

"आदल्या रात्री मास्तर जेवायला बसतो," मी म्हणाले, "तेव्हा काय म्हणतो?"

"काय म्हणतो?"

"आजही चटणीच? तिला विचारतो. घरात दोन दिवस भाजी नाही." मी पान काढून त्यांच्यापुढे धरलं. "मग काल वांगी कुठून आली?"

रझियाताईंनी खुर्ची पुढे घेतली. "थांब थांब. म्हणजे ती भाजीवालीशी खोटं बोलली?"

"बोलली."

"वांग्यांवरून कशाला कोण खोटं बोलेल?"

"भाजीवालीला दारातून घालवायला," खराडेसाहेब सावकाश म्हणाले. पुस्तक त्यांनी डोळ्यांजवळ नेलं होतं. "मागच्या दारातून स्वयंपाकघर दिसतं." मग बऱ्याच वेळाने, "आत कोणी तरी होतं."

समोरच्या गल्लीतला सूर केव्हा थांबला होता, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. चिपरे सरांनी इतका वेळ दोन्ही हातांत धरलेला चहाचा कप खाली ठेवला. खराडेसाहेबांनी ती दोन्ही पानं पुन्हा एकदा वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आईच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलं होतं, 'आज फौजदाराला पाणी पाजलं.' पाणी पाजलेल्या फौजदाराचा चेहरा असा दिसतो हे मला त्या दिवशी कळलं.

"हेमाताई बरोबर आहेत," ते म्हणाले. "मान्य."

चिपरे सर पटकन उठले. "म्हणजे मग 'मीटरगेज'वर..."

"बसा हो. हेमाताई बरोबर आहेत म्हणालो. पुस्तक बरोबर आहे असं नाही म्हणालो." ते माझ्याकडे वळले, आणि पहिल्यांदाच मला एकेरीत बोलले. "हे बघ सुनेत्रा, तू आत्ता मला जी गोष्ट सांगितलीस ती झकास आहे. अशी मी कित्येक वर्षांत वाचली नाही. पण ती या माणसाने लिहिलेली नाही. त्याच्या हातून दोन धागे पडले, ते उचलून विणलं तुझ्या आईने. त्याला ठाऊक असतं तर त्याने नामजोशीला त्या मागच्या दाराशी एकदा तरी उभं केलं असतं. पुरस्कार लेखकाला द्यायचा असतो. हेमाताईंना द्यायचा असेल तर सांग, मी आत्ता उभा राहून देतो."

 मी इतकी वर्षं पुस्तकांबद्दल बोलून पोट भरते. ते म्हणत होते ते खरं होतं, हे मला कळत होतं.

चिपरे सर म्हणाले की मग नाइलाजाने मतं घ्यावी लागतील. खराडेसाहेबांनी 'न बोलावलेली'वर हात ठेवला. मी आईच्या वतीने 'मीटरगेज' म्हटलं. आता रझियाताईंवर होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे पुन्हा भरले आणि त्यांचा हात 'मीटरगेज'कडे निघाला.

म्हणजे दोनास एक. आईचं पुस्तक जिंकत होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं.

"रझियाताई," मी म्हणाले, "या खुर्चीत आज आई असती तर तुम्ही कुठल्या पुस्तकाला मत दिलं असतं?"

त्यांचा हात थांबला.

"खरं सांगू?"

"तिला सांगितलं असतं तसं सांगा."

त्यांनी नाक पुसलं. "काकूंना म्हटलं असतं, काकू, तुमचं ते स्टेशन फार रटाळ आहे. निम्म्या पुस्तकात नुसत्या गाड्या येतात नि जातात. मी दोनदा झोपले. त्याच्या आधी तुमच्या तलाठ्याला देईन मी बक्षीस. या दोघांत माझं मत 'न बोलावलेली'ला." आणि मग घाईने, "माफ कर हं, बेटा."

खराडेसाहेब मोठ्याने हसले. चिपरे सरांना काय करावं कळेना. आणि मीही हसले. दवाखान्यानंतर पहिल्यांदा.

"मग तेच द्या," मी म्हणाले.

'न बोलावलेली' दोनास एक अशी निवडली गेली. चिपरे सरांनी इतिवृत्तात तसं लिहिलं आणि विरोधी मत म्हणून आईचं नाव लिहिलं. 'कै.' लिहावं की काय म्हणून त्यांचं पेन जरा थांबलं. खराडेसाहेब म्हणाले, मत दिलंय ना त्यांनी, मग नुसतं हेमलता पोतनीस लिहा.

याला आता बरीच वर्षं झाली. आईबद्दल त्या दिवसांत लोक जे चांगलं बोलले त्यातलं मला फारसं आठवत नाही. ते सगळे प्रेमाने आले होते, आणि त्यांच्याशी बोलता बोलता ती जरा जरा करून दूर जात होती, गुळगुळीत होत होती, फोटोसारखी. त्या एका दुपारी, तास-दीड तास, दोन माणसांनी तिच्याशी वाद घातला. तिला रटाळ म्हटलं, खोडून काढलं, मान्य केलं आणि हरवलं. कोणीही तिला सूट दिली नाही. मी जिंकायला गेले होते. ते पुस्तक जिंकलं असतं तर मी घरी हार घेऊन आले असते, आणखी एक. त्यांनी तिला हरू दिलं, याबद्दल मी त्यांचे आभार मानायला हवे होते. त्या दिवशी ते शब्दांत आलं नाही.

जिना उतरून आम्ही रस्त्यावर आलो. रझियाताई दुकान उघडायला लगबगीने गेल्या. खराडेसाहेबांनी स्कूटर स्टँडवरून काढली, किक मारली, आणि मग जायच्या ऐवजी तिथेच उभे राहिले.

"एक राहिलं," इंजिनाच्या आवाजावर ते म्हणाले. "त्या स्वयंपाकघरात कोण होतं? हेमाताई काय म्हणत होत्या?"

"नाही सांगितलं तिने. उद्या सांगते म्हणाली होती."

त्यांनी मान हलवली. 

"तिचा भाऊ असणार," ते म्हणाले. "तो पहिल्या प्रकरणातला पैलवान. तोच."

मी आईचं काय मत असेल ते आठवून पाहिलं. काही आठवलं नाही. तिने ते मला दिलंच नव्हतं.

"भाऊ नाही," मी म्हणाले. "भावाला लपवायला तिला खोटं बोलावं लागलं नसतं. भाऊ सकाळी बहिणीकडे येतोच."

खराडेसाहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग खाली वाकून स्कूटर बंद केली.

"मग कोण म्हणतेस?" त्यांनी विचारलं.